राहते घर विकून कर्ज भागवले. आता भाड्याचे घर कसे शोधावे?

धंद्यात मंदी आली, उधारी अडकली आणि बँकेकडे तारण असलेले राहते घर विकण्याची वेळ आली, अशी हकीकत भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांपासून मुंबईच्या जरी कारागिरांपर्यंत अनेक घरांत ऐकू येते. त्यातही घराची किंमत कर्जापेक्षा कमी आली, तर माणूस दोन्हीकडून कोंडीत सापडतो. घर जाते आणि नव्या घराच्या अनामतीपुरताही पैसा हाती उरत नाही. बहुतेक जण आधी विक्री उरकतात व मग बिऱ्हाड शोधायला निघतात. आमच्या मते हा क्रम उलटा हवा.

हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते थकीत वर्गात जाते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खाली 60 दिवसांची नोटीस येते. पुष्कळ जण हे पाकीट कपाटात ठेवून देतात. वास्तविक हेच 60 दिवस सर्वांत मोलाचे. प्रकरण जबरीच्या ताब्यापर्यंत गेले, की दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने घर रिकामे करावे लागते. उलट स्वतः गिऱ्हाईक आणून विक्री केली, तर चावी कधी द्यायची हे बोलून ठरवता येते. मात्र नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

समजा, येणे 38 लाख आहे आणि गिऱ्हाईक 33 लाखांचे आहे. बँक राजी झाली, तरी तडजोडीच्या पत्रात उरलेले 5 लाख सोडून दिल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर विसंबलात, तर त्या 5 लाखांसाठी तुमच्यावरच नव्हे, जामीनदारावरही दावा येऊ शकतो. शिवाय विक्रीचा सारा पैसा बँकेत जाणार, तेव्हा अनामत, दलाली आणि टेम्पोभाडे यांची तरतूद निराळी करावी. अडकलेल्या उधारीतली पहिली वसुली याच कामासाठी राखून ठेवावी.

आता घराचा शोध. मुंबईत नाव ऐकताच ‘जागा गेली’ म्हणणारे मालक व सोसायट्या आहेत, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंब्र्याची वस्ती कशी वाढली, हेही सर्वांना ठाऊक आहे. ठरावीक वस्त्यांतच शोध घ्यावा लागला की तिथली भाडीही चढतात. म्हणून दलालाला पहिल्याच फोनवर नाव, कुटुंबातील माणसे आणि व्यवसाय सांगून टाकावा. नकारच यायचा असेल तर तो फेऱ्या मारण्याआधी आलेला बरा.

घरमालकाला भाडे वेळेवर मिळेल का, ही काळजी असते. कारागिराजवळ पगाराची पावती नसते. त्याने आयकर विवरणपत्र, जीएसटीचे कागद, बँकेचे पासबुक यांपैकी जे असेल ते दाखवावे. विक्रीच्या वेळी जुन्या सोसायटीकडून घेतलेल्या ना-देय दाखल्याची एक प्रत जपून ठेवावी; देखभाल खर्च थकवला नव्हता याचा तो चांगला पुरावा ठरतो.

सर्वांत मोठा धोका ‘हेवी डिपॉझिट’चा. कुणा नातेवाइकाने मदत केली किंवा दागिने मोडले, की हातात चार-पाच लाख येतात. मालक म्हणतो, एवढी रक्कम द्या आणि भाडे नाममात्र द्या. महिन्याची कटकट मिटली असे वाटते. पण मालकाला एकरकमी पैसा का हवा असतो? अनेकदा तोही कर्जात असतो. त्याचा फ्लॅट तारण असेल आणि बँकेने ताबा घेतला, तर तुमचे बिऱ्हाड पुन्हा रस्त्यावर येते आणि डिपॉझिट मालकाकडे अडकते. म्हणून ‘सरसाई’ या केंद्रीय तारण नोंदणीत शोध घ्यावा आणि सोसायटीच्या सचिवांना बोज्याबद्दल विचारावे. शिवाय दिलेल्या रकमेच्या बदल्यात भाड्यात सूट म्हणजे कर्जावर लाभ, असा अनेक उलेमांचा आक्षेप आहे. त्याबाबत आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून घ्यावे.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का लागते. भाडे 15 हजार, मुदत दोन वर्षे आणि अनामत एक लाख असेल, तर एकूण भाडे 3,60,000 आणि अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेले 20,000, मिळून 3,80,000. त्यावर शुल्क 950 रुपये. नोंदणी फी वेगळी. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवणे शहाणपणाचे नाही. मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते (कलम 24), तेव्हा नूतनीकरणाचे दोन महिने आधीच बोलावे.

घरातच मशीन किंवा कारचोबीचा अड्डा मांडणार असाल, तर तशी परवानगी करारात शब्दांत लिहून घ्यावी. निवासी करारावर व्यवसाय केला म्हणून मालक घर सोडायला सांगू शकतो. जीएसटी नोंदणी जुन्या घराच्या पत्त्यावर असेल, तर बदल झाल्यापासून 15 दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो. त्यासाठी मालकाचे संमतीपत्र करारावर सह्या होतानाच घ्यावे.