विश्लेषण : जव्हार ते झाप रस्त्याने 40 मिनिटे, हवेतून 9 मिनिटे, फरक कशामुळे?

जव्हार-मोखाड्यात विमानतळ नाही. तरीही हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ यांचे गणित या भागाला एकदा प्रत्यक्ष पाहायला मिळाले. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून निघालेल्या ड्रोनने करोना लशीच्या 300 मात्रा झाप येथील आरोग्य केंद्रात पोहोचवल्या. वेळ लागला नऊ मिनिटांहून थोडा अधिक. एरवी याच कामाला 40 मिनिटांहून जास्त लागतात.

ड्रोन फार वेगवान होता म्हणून नव्हे, तर वाट सरळ होती म्हणून हा वेळ वाचला. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर, आजूबाजूला खोल दऱ्या. रस्ता उतार शोधत खाली येतो, ओढा ओलांडतो, पुन्हा चढतो. त्यात प्रत्येक वळणावर गाडीचा वेग पडतो. म्हणजे अंतरही वाढते आणि वेगही घटतो, तोटा दुहेरी.

मणिपूरमध्ये ऑक्टोबर 2021 मध्ये बिष्णुपूरहून लोकटाक सरोवरातील करांग बेटावर अशीच लस गेली. तिथे रस्त्याचे अंतर 26 किलोमीटर, हवाई अंतर 15. ड्रोनने ते 12 ते 15 मिनिटांत कापले, म्हणजे ताशी 60 ते 75 किलोमीटर. हा वेग महामार्गावरच्या एसटीला नवा नाही. घाटात तो मिळत नाही, एवढेच.

विमानांच्या जगातले टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरच्या धावपट्ट्यांत जेमतेम 2.7 किलोमीटर अंतर. वेळापत्रकात उड्डाणाला दोन मिनिटे दिलेली आहेत. वारा अनुकूल असेल तर एका मिनिटातही विमान उतरते. मध्ये दरीऐवजी समुद्र आहे, इतकाच फरक.

मात्र त्या छोट्या विमानातून माणसे जातात. शिक्षक आणि रुग्णसुद्धा. जव्हारच्या ड्रोनमध्ये फक्त कुप्या होत्या. एका कुपीत दहा मात्रा धरल्या, तर 300 मात्रांच्या 30 कुप्या होतात. 2 ते 8 अंश तापमान राखणाऱ्या पेटीसह हे ओझे हलकेच. लशीला ड्रोन सोयीचा ठरतो तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट या 40 मिनिटांत दिसत नाही. हा वेळ जव्हार ते आरोग्य केंद्र एवढाच आहे. केंद्रापासून पाड्यापर्यंतची पायवाट त्यात धरलेली नाही, आणि इथल्या अनेक पाड्यांसाठी खरा प्रवास तोच असतो. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर मुदतीआधी जन्मलेली जुळी बाळे दगावली. आईची प्रकृती खालावल्यावर तिला झोळीत घालून, निसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर चालत मुख्य रस्त्यावर आणावे लागले. हे तीन किलोमीटर ऑर्कनीच्या त्या उड्डाणापेक्षा किंचितच जास्त.

लशीचे उड्डाण डिसेंबरच्या कोरड्या हवेत झाले होते. झोळीची वेळ येते ती बहुधा पावसाळ्यात, जेव्हा ओढे भरलेले असतात, पायवाटा निसरड्या असतात आणि पावसा-वाऱ्यामुळे लहान ड्रोन उडवणेही अवघड होते.