स्क्लेरोडर्मा आणि बाळंतपण

'डॉक्टर, हिची कातडी अशी ताठर होत चाललीय, हिला मूल होऊ द्यावं का?' सासरची मंडळी विचारतात. मी उलट विचारतो, आजार सुरू होऊन किती वर्षे झाली?

स्क्लेरोडर्मात त्वचा जाड, घट्ट होते. थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात. हा आजार स्पर्शाने लागत नाही. पूर्वी अशा स्त्रियांना सरसकट 'मूल नको' सांगत. आता तसे सांगणे योग्य नाही. मात्र त्वचा झपाट्याने घट्ट होत असेल, तर पहिली ३ ते ५ वर्षे थांबावे. मूत्रपिंडांना अचानक धोका याच काळात अधिक असतो. तोवर संततिनियमन हवेच.

दिवस राहण्याआधी टू-डी एको व फुफ्फुसांची तपासणी करावी. फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असल्यास गर्भारपण आईच्या जिवावर बेतू शकते. तेथे मी स्पष्ट 'नको' म्हणतो. मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट ही औषधे गर्भाला घातक. ती आधीच थांबवावी लागतात, पण डॉक्टरांना विचारून. आपल्या मनाने नव्हे.

गर्भारपणात छातीतली जळजळ वाढते, बोटांचा त्रास पुष्कळदा कमी होतो. मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे होऊ शकते. म्हणून नवजात अर्भकांचा विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवावे.

रक्तदाब घरीही वरचेवर मोजावा. तो एकाएकी वाढला, डोके ठणकू लागले, लघवी कमी झाली, तर 'गरोदरपणात बीपी वाढतेच' म्हणत बसू नये. एसीई इनहिबिटर गटातील औषधे एरवी गरोदरपणी वर्ज्य. पण मूत्रपिंडे अशी धोक्यात आली तर आईला वाचवायला तीच द्यावी लागतात. म्हणून जुनी फाईल सोबत न्यावी आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना आधी आजाराचे नाव सांगावे.