विश्लेषण : रेंजफाइंडरवर फोकस हुकतो, तेव्हा दोष नेमका कुणाचा?

फोकस केला डोळ्यावर. फोटोत मात्र कान स्पष्ट आणि डोळा धूसर! लायका एमसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर एफ/१.४ किंवा एफ/१.५ची लेन्स वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष लेन्सचा, कॅमेऱ्याचा की आपलाच, हे दुरुस्तीवर पैसे घालवण्याआधी घरीच तपासता येते.

चूक लक्षात का येत नाही?

एसएलआरमध्ये लेन्समधून आलेली प्रतिमाच दिसते. इथे तसे नाही. लेन्सच्या मागचा कॅम कॅमेऱ्यातला छोटा रोलर ढकलतो आणि व्ह्यूफाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा जुळल्या की फोकस झाला, असे आपण धरून चालतो. लेन्सने खरोखर काय टिपले, ते फोटो हाती आल्यावरच कळते. ५० मिमी लेन्सवर एक मीटर अंतरावर एफ/८ला सुमारे १८ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, त्यात बारीक चूक खपून जाते. एफ/१.४ला हाच पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटर!

तपासणी कशी करावी?

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. एक मीटरवर ठळक उभी रेघ असलेला पुठ्ठा ठेवा (रेंजफाइंडरला उभी रेघच सोपी जाते) आणि त्याच्या बाजूला ४५ अंशांत तिरकी पट्टी. ॲपर्चर पूर्ण उघडून, दर वेळी नव्याने फोकस करत पाच फोटो काढा. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर यंत्राला बोल लावू नका. चष्म्याचा नंबर तपासा. चूक दर वेळी एकाच बाजूला असेल तर दुसरी लेन्स लावून पाहा. सगळ्याच लेन्स तशाच हुकत असतील तर दोष कॅमेऱ्यात. एकच हुकत असेल तर ती लेन्स किंवा तिचा ॲडॉप्टर संशयित. अशा एका लेन्ससाठी कॅमेऱ्याचा स्क्रू फिरवण्याचा मोह टाळाच, नाहीतर बाकीच्या चांगल्या लेन्सही बिघडल्यासारख्या वागू लागतील.

२०१२मध्ये जाहीर झालेल्या लायका एम (टाइप २४०) पासून काही डिजिटल मॉडेलांत लाइव्ह व्ह्यू आहे. आधी रेंजफाइंडरने फोकस करून मग पडद्यावर मोठे करून पाहिले की फरक तिथल्या तिथे दिसतो.

ॲपर्चर बदलल्यावरच चूक होत असेल तर?

हा बिघाड नव्हे. गोलीय विपथनामुळे काही लेन्सचा फोकस ॲपर्चर लहान करताच मागे सरकतो. झाइसची सी सोनार ५० मिमी एफ/१.५ यासाठी प्रसिद्ध आहे. एफ/१.५ला जुळवलेली लेन्स एफ/२.८ला हुकू शकते. म्हणून तीच पट्टी एफ/२, एफ/२.८ आणि एफ/४लाही टिपावी.

पट्टीवर सगळे बरोबर, माणसांवर मात्र चूक?

रेंजफाइंडरचा फोकस फक्त मधोमध होतो. डोळ्यावर फोकस करून चौकट जुळवण्यासाठी कॅमेरा १५ अंश वळवला, की एक मीटरवर फोकसचे प्रतल डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटीमीटर मागे जाते. कान स्पष्ट येतो तो इथेच! वळवल्यावर किंचित मागे झुकावे, किंवा चेहरा चौकटीच्या मध्याजवळ ठेवून फोटो नंतर कापावा.