कोंबडा, पैदाशीचा
कळपाची पुढील पिढी निर्माण करण्यासाठी निवडून राखलेला नर. हलक्या जातीच्या एका नरामागे साधारणपणे १० ते १२, तर जड जातीच्या नरामागे ८ ते १० माद्या ठेवतात. त्यामुळे एका नराचे गुणदोष एका मादीच्या मानाने कितीतरी अधिक पिलांत उतरतात.

लैंगिक पक्वता व शरीराची पूर्ण वाढ या अवस्था एकाच वेळी येत नाहीत. तुरा वृषणांतील हॉर्मोनाच्या प्रभावाने वाढतो. तो लाल व मोठा झाला म्हणजे नर वयात येऊ लागला एवढेच समजते, त्याची अंगकाठी कशी होईल हे समजत नाही. व्हाइट लेगहॉर्न ह्या हलक्या जातीचा नर सु. ५ ते ६ महिन्यांत पैदाशीस योग्य होतो. ऱ्होड आयलंड रेडला काहीसा अधिक काळ लागतो. असील ही जात संथ वाढीची असून तिचा नर वर्षाचा झाल्यावरही अंगाने भरत राहतो. सहा महिन्यांचा असील उंच, हाडकुळा व अपुरा दिसतो. तेवढ्यावरून तो काढून टाकणे ही घाई होय.

पहिली निवड सु. ८ आठवड्यांच्या वयात करून वाकडी बोटे, वाकडी चोच, छातीचे वाकडे हाड व खुरटी वाढ असलेले नर वगळतात. अखेरची निवड पक्व वयातच करावी. तुलना एकाच जातीच्या व एकाच वेळी उबलेल्या नरांत केली, तरच वजनाला अर्थ राहतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रात यंत्रात एकदम उबविलेली पिले समवयस्क असतात. परसातील कळपात मात्र निरनिराळ्या खुडूक कोंबड्यांखाली निघालेली लहानमोठी पिले एकत्र वाढतात. तेथे पायात रंगीत कडी घालून वय ओळखता येते.

परसातील खरी हानी वेगळीच असते. आखाडात किंवा जत्रेच्या वेळी सर्वांत भरदार नर प्रथम विकला वा कापला जातो आणि मागे राहिलेला खुरटा नर आपोआप पैदाशीचा ठरतो. असे पिढ्यान्‌पिढ्या चालल्यास कळपाचा आकार घटत जातो. उत्तम नर सहाव्या महिन्यापूर्वीच हेरून राखून ठेवणे यासाठी आवश्यक असते.

नर बदलताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मादीच्या शरीरात शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. म्हणून जुना नर काढल्यापासून सु. तीन आठवड्यांची अंडी नव्या नराची म्हणून उबवणीस ठेवू नयेत.