कादंबरी पडद्यावर येते तेव्हा

आवडत्या कादंबरीवर दूरचित्रवाणीची मालिका येणार असे कळले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वा! आता ती माणसे डोळ्यांनी बघायला मिळतील." दुसरा म्हणतो, "झाले! पुस्तकाची माती होणार." गंमत अशी की दोघांचेही थोडे थोडे खरे असते. ते कसे, हे आज एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू.

जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. गोष्ट वरवर साधी आहे. बेनेट कुटुंबात पाच उपवर मुली. दुसरी एलिझाबेथ, हुशार आणि जिभेने तिखट. डार्सी नावाचा श्रीमंत तरुण पहिल्याच भेटीत, नाचाच्या समारंभात, तिच्याविषयी तुच्छतेने बोलतो, ते तिच्या कानी पडते आणि तिचे मन त्याच्याविरुद्ध जाते ते जाते. पुढे विकहॅम नावाचा एक गोडबोल्या डार्सीच्या नावाने खोटेनाटे सांगतो, तेही ती खरे मानते. शेवटी गैरसमज फिटतात आणि दोघांचे लग्न होते.

एवढेच असते तर दोनशे वर्षांनी ही कादंबरी कोणी वाचली नसती. तिच्या पोटात एक व्यवहार दडलेला आहे. बेनेटसाहेबांचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण त्यांची मिळकत मुलींना मिळायची नाही. ती जायची कॉलिन्स नावाच्या दूरच्या एका पुरुष नातेवाइकाकडे. म्हणजे बापाने डोळे मिटले की आई आणि पाच मुली घराबाहेर! हाच कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती चक्क नाही म्हणते. पुढे डार्सी मागणी घालतो. त्याचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. त्यालाही ती नाही म्हणते! त्या काळच्या मुलीच्या दृष्टीने हा नकार म्हणजे केवढे धाडस, हे आजच्या प्रेक्षकाला उमगले नाही, तर उरते ती नुसती रुसण्याफुगण्याची कहाणी.

आता ध्यानात येईल की जुन्या काळाचे पोशाख, घोडागाड्या आणि मेणबत्त्या या केवळ शोभेच्या वस्तू नव्हेत. कोणाचे घर केवढे, कोण गाडीतून येतो आणि कोण चिखल तुडवत तीन मैल चालत येते, यातूनच प्रेक्षकाला पात्रांची ऐपत कळते. हॉलिवुडने १९४० साली या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा नायिकांना कथेच्या काळानंतरचे घेरदार झगे चढवले, आणि डार्सीच्या अहंकारी मावशीला शेवटी मनातून भली करून टाकले. चित्रपट गोड झाला, पण गोष्टीतली धार गेली.

बीबीसीने १९९५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सहा भागांची मालिका दाखवली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, दिग्दर्शन सायमन लँग्टन यांचे. जेनिफर ईली एलिझाबेथ झाली आणि कॉलिन फर्थ डार्सी. मंडळींनी मेहनत घेतली ती पाहण्यासारखी आहे. विल्टशायरमधले लेकॉक हे जुने गाव कथेतले मेरिटन झाले. डार्सीचा वाडा बाहेरून दिसतो तो चेशायरमधला लाइम पार्क आणि आतून दिसतो तो डर्बीशायरमधला सडबरी हॉल. दोन परगण्यांतल्या दोन वास्तू जोडून एक घर उभे केले, आणि पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही! शिवाय सहा भाग मिळून सुमारे साडेपाच तास हाताशी होते. चित्रपटाला दोन तासांत जी दुय्यम पात्रे गाळावी लागतात, ती इथे नीट वावरू शकली.

पण खरी अडचण वेगळीच असते. कादंबरीत लेखिका स्वतः बोलत असते, खोचक, हसत हसत चिमटे काढणारी. पडद्यावर लेखिकेला कुठे बसवणार? डेव्हिस यांनी एक युक्ती केली. लेखिकेचे सुप्रसिद्ध पहिले वाक्य त्यांनी एलिझाबेथच्या तोंडी घातले. वाक्य वाचले खरे, पण आता ते लेखिकेचे राहिले नाही, एका पात्राचे झाले.

दुसरी अडचण मनातल्या उलथापालथीची. नकारानंतर डार्सी एलिझाबेथला लांबलचक पत्र लिहितो आणि ते वाचता वाचता तिला स्वतःचीच लाज वाटू लागते. कादंबरीत हे सारे मनात घडते. मालिकेने पत्रातला मजकूर डार्सीच्या आवाजात ऐकवला आणि मागच्या घटना दृश्यरूपाने दाखवल्या. मोठ्या कौशल्याचे काम आहे हे.

मात्र एका बाबतीत माझे मन अजून साशंक आहे. कादंबरीत आपण डार्सीला बहुतेक एलिझाबेथच्याच नजरेने पाहतो. ती चुकते तेव्हा आपणही चुकतो. डेव्हिस यांनी डार्सीला एकट्याचे प्रसंग दिले. तो तलवारबाजी करतो, तळ्यात उडी घेतो. ही उडी पुस्तकात नाही, आणि मालिकेतले गाजले ते नेमके तेच! पळून गेलेल्या धाकट्या बहिणीला शोधण्यासाठी डार्सी लंडनमध्ये फिरतो, तेही मालिका त्याच वेळी दाखवून टाकते. पुस्तकात ते मागाहून मामीच्या पत्रातून कळते आणि एलिझाबेथसारखेच आपणही चकित होतो. सुरुवातीला या कादंबरीचे नावच 'फर्स्ट इंप्रेशन्स', म्हणजे पहिल्या भेटीत पडलेली छाप, असे होते. प्रेक्षकाला डार्सीचे मन आधीच कळले, तर तो चुकणार कसा? आणि चुकलाच नाही, तर शिकणार काय? मालिकेने नायक अधिक जवळचा केला, पण आपला पूर्वग्रह आपल्याला दाखवणारा आरसा थोडा बाजूला सारला.

आपल्याकडे रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या 'स्वामी'वर दूरदर्शनने मालिका केली, तेव्हाही हाच सौदा झाला. माधवराव आणि रमाबाई यांचा शेवट थेऊरला कसा झाला, हे वाचकाला आधीच ठाऊक. घटनेची उत्कंठा नव्हतीच. पण वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात रमाबाईंचा एक चेहरा होता. मालिका पाहिल्यावर पुष्कळांच्या मनात मृणाल देव यांचा चेहरा कायमचा बसला. काहींना तो लाभ वाटला, काहींना हानी.

तेव्हा रूपांतर पाहताना "पुस्तकात होते ते सगळे आहे का?" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. सगळे कधीच येत नाही. विचारावे ते असे: या माणसांपुढे जो पेच होता, तो मला तितकाच कठीण वाटला का? वाटला, तर दोन-चार प्रसंग इकडेतिकडे झाले म्हणून बिघडत नाही. आणि नाही वाटला, तर वाडा कितीही खरा असो, तो रिकामाच.

म्हणून सुचवतो, मालिका जरूर पाहावी. पण जमल्यास पुस्तक आधी वाचावे. एकदा तरी डार्सीविषयी आपले मत स्वतः चुकवून घ्यावे. त्यात जी मजा आहे, ती दुसऱ्या कोणाला दाखवून देता येत नाही.