फ्लिपिन, जॉर्ज ॲल्बर्ट

(१८६८–१९२९). अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या आरंभकाळातील एक कृष्णवर्णीय खेळाडू व वैद्यकव्यवसायी. जन्म ओहायओ राज्यात. वडील चार्ल्स फ्लिपिन हे गुलामगिरीतून मुक्त झालेले. यादवी युद्धात (१८६१–६५) ते उत्तरेच्या सैन्यात होते व पुढे डॉक्टर झाले. कालांतराने हे कुटुंब नेब्रॅस्का राज्यात स्थायिक झाले.

लिंकन येथील नेब्रॅस्का विद्यापीठाच्या संघातून फ्लिपिन १८९१ ते १८९४ या काळात खेळला. अमेरिकेत फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात चेंडू हातांत धरून धावण्यास मुभा असते. त्या वेळी चेंडू पुढे फेकण्यास मात्र परवानगी नव्हती. ती १९०६ मध्ये मिळाली. शिरस्त्राण क्वचितच कोणी वापरी. खेळाडूंचा घोळका करून प्रतिपक्षाची फळी रेटणे, हाच डावपेचांचा गाभा होता. अशा खेळात धिप्पाड फ्लिपिन हाफबॅकच्या जागी खेळे व चेंडू घेऊन फळीत घुसण्याचे काम त्याच्याकडे असे.

मैदानावरील आघातांपेक्षा मैदानाबाहेरचा विरोध अधिक कठीण होता. नेब्रॅस्काच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू आहे, एवढ्याच कारणावरून १८९२ मध्ये मिसूरी विद्यापीठाने सामना खेळण्यास नकार दिला. तो सामना नेब्रॅस्काने १–० असा जिंकल्याची नोंद झाली. फ्लिपिनला वगळून सामना पदरात पाडून घेणे नेब्रॅस्काला शक्य होते. तसे केले गेले नाही, हे विशेष. तथापि स्वतःच्या संघातही त्याला पूर्ण न्याय मिळाला नाही. १८९४ मध्ये सहकाऱ्यांचा कल त्याला कर्णधार करण्याकडे असता प्रशिक्षक फ्रँक क्रॉफर्ड याने विरोध केला. कर्णधारास बुद्धी लागते, असे त्याचे म्हणणे होते! ज्याच्याविषयी हा अभिप्राय दिला गेला, त्याने १९०० मध्ये इलिनॉय विद्यापीठाची वैद्यकाची पदवी संपादन केली.

पदवीनंतर तो नेब्रॅस्कातच परतला आणि स्वीडिश वसाहतकऱ्यांनी वसविलेल्या स्ट्रॉम्सबर्ग या छोट्या गावी त्याने व्यवसाय सुरू केला. गावातील पहिले रुग्णालय त्यानेच उभारले. रुग्णांच्या घरी, दूरच्या शेतवाड्यांवर जाऊन उपचार करणे हा त्या काळच्या ग्रामीण डॉक्टरच्या व्यवसायाचा मोठा भाग होता. त्यातून त्याचा लौकिक वाढला. जे श्वेतवर्णीय त्याच्या हाती आपला जीव सोपवीत, त्यांच्याच प्रदेशात त्याला उपाहारगृहात मज्जाव होऊ शकत असे. यॉर्क या जवळच्या गावी असा प्रसंग आला, तेव्हा त्याने न्यायालयात दाद मागितली. नागरी हक्कांविषयीच्या नेब्रॅस्कातील आरंभीच्या दाव्यांत त्याची गणना होते.

फ्लिपिनने उघडलेली वाट पुढे बंद झाली. १९१३ नंतर दुसरे महायुद्ध संपेपर्यंत नेब्रॅस्काच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. फ्लिपिन अखेरपर्यंत स्ट्रॉम्सबर्ग येथेच राहिला. मृत्यूनंतर ४५ वर्षांनी, १९७४ मध्ये, नेब्रॅस्काच्या नामवंत फुटबॉलपटूंच्या मानसूचीत त्याचा समावेश करण्यात आला.