कानात साचलेलं पाणी

पापड लाटता लाटता घर गरकन फिरायला लागतं. पोळपाट घट्ट धरला तरी भिंती थांबत नाहीत. उलटी होते, एका कानात दडा बसतो, आत कुणी शिटी वाजवत राहतं. "पित्त झालंय," घरचे म्हणतात. (पित्ताच्या माथी आपण काय काय मारतो!)

बिघाड असतो अंतर्कर्णात. तिथल्या शंखासारख्या नळीत दोन द्रव असतात, एकात पोटॅशियम जास्त, दुसऱ्यात सोडियम. मधला पडदा जेमतेम दोन पेशींच्या जाडीचा. पोटॅशियमवाला द्रव, एंडोलिम्फ, साचत गेला की पडदा फुगतो. तो फाटून पोटॅशियम पलीकडे झिरपतं आणि मज्जातंतू बधिर होतात, असं एक स्पष्टीकरण आहे. पण पडदा फुगूनही चक्कर न येणारी माणसं असतात, तेव्हा कोडं पुरतं सुटलेलं नाही. सुरुवातीला खर्जातले आवाज जातात: तबला ऐकू येतो, डग्गा हरवतो.

ही चक्कर मेंदूची नाही, कानाची, हे पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये मांडलं. फुगलेला पडदा मात्र १९३८ मध्ये, मृतांचे कान तपासताना दिसला.

डॉक्टर सहसा आधी मीठ कमी करायला सांगतात. म्हणजे लाटलेले पापड इतरांच्या ताटात.